मांसाची प्रत आणि मेंढ्याची निवड

(मिरज परिसरातील मेंढपाळ व शेतकरी बांधवांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृष्णा-वारणेच्या काठचा बागायती मुलूख आणि मिरजेच्या पूर्वेकडील कोरडा माळ यांना जोडणारा फार जुना दुवा म्हणजे मेंढरांचा कळप होय. पावसाळा सरला की जत, आटपाडी, कवठे महांकाळ या तालुक्यांतील वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून पश्चिमेकडे सरकू लागतात. वाटेतल्या गावी शेतात मेंढ्या बसविल्या जातात. जमिनीला खत मिळते, मेंढपाळाला धान्य वा पैसा मिळतो आणि कळपाला चारा मिळतो. पावसाळ्याच्या तोंडावर हेच कळप पुन्हा आपल्या माळावर परततात. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या या व्यवहाराला मोठी शिस्त आहे आणि त्यामागे जनावराची सूक्ष्म पारख आहे.

या व्यवसायाचे अर्थकारण मात्र गेल्या काही दशकांत पार बदलून गेले आहे. पूर्वी लोकर, खत आणि कोकरू अशा तीन वाटांनी कळपातून उत्पन्न येत असे. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर घोंगडीसाठी उत्तम. परंतु घोंगडीची जागा गिरणीच्या चादरीने व ब्लँकेटने घेतली, आणि आज अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीच्या किमतीतून सुटत नाही. दुसरीकडे, मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथून उचललेले कृष्णेचे पाणी कवठे महांकाळ व जत भागांत पोहोचले. दुष्काळी शिवारात द्राक्षबागा व ऊस उभा राहिला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याबरोबर चराईची मोकळी राने आकसली. अशा स्थितीत मेंढपाळाचा संसार मुख्यतः एकाच गोष्टीवर येऊन ठेपला आहे, ती म्हणजे मांसासाठी विकले जाणारे कोकरू.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७ कोटी ४३ लाख मेंढ्या आहेत आणि त्यांपैकी सुमारे २७ लाख महाराष्ट्रात आहेत. कळप वाढविण्यास जागा नाही, चारा वाढविण्यास वाव थोडा. तेव्हा उत्पन्न वाढवावयाचे तर प्रत्येक कोकरापासून मिळणारे मांस आणि त्याची प्रत यांचाच विचार करावा लागतो. या दोहोंचा मोठा भाग जनावराच्या रक्तात, म्हणजे आनुवंशिक गुणांत दडलेला असतो. तो किती आणि कसा, याचा उलगडा करणे हा या भाषणाचा विषय आहे.

प्रत म्हणजे काय?

मांसाची प्रत हा शब्द सर्वजण वापरतात. पण प्रत्येकाच्या मनातील अर्थ वेगळा असतो. खाटकाच्या दृष्टीने प्रत म्हणजे उतारा. जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के सोललेले वजन मिळते. त्यात हाड किती, चरबी किती आणि निव्वळ मांस किती, यावर त्याचा नफा ठरतो. गृहिणीच्या दृष्टीने प्रत म्हणजे मांस लवकर शिजावे, मऊ असावे आणि त्याला उग्र वास नसावा. खाणाऱ्याला चव हवी असते, आणि ती चव बऱ्याच अंशी मांसाच्या धाग्यांत विखुरलेल्या बारीक चरबीतून येते. ही चरबी कातडीखालच्या किंवा गुर्द्यांभोवतालच्या चरबीहून वेगळी. व्यापाऱ्याला मांस टिकावे असे वाटते.

या सर्व गुणांवर आनुवंशिकतेचा प्रभाव सारखा नसतो. एकाच कळपातील, एकाच वयाची, सारख्या चाऱ्यावर वाढलेली दोन कोकरे घेतली तरी त्यांच्या मांसात फरक आढळतो. त्या फरकातील किती वाटा आईबापांकडून आलेला आहे, हे शास्त्रज्ञ हजारो जनावरांच्या नोंदींवरून काढतात. परदेशांतील अशा अभ्यासांवरून असे दिसते की, वाढ व सोललेले वजन यांच्या बाबतीत शंभरातील सुमारे वीस ते तीस वाटा वारशाचा असतो. मऊपणाचाही साधारण तेवढाच. धाग्यांतील चरबीच्या बाबतीत हा वाटा चाळिसाच्या घरात जातो. उलट, मांसाची अंतिम आम्लता, जिच्यावर त्याचा रंग व टिकाऊपणा अवलंबून असतो, ती वारशावर फार थोडी अवलंबून असते. तेथे हा वाटा दहाच्या आसपास असतो.

शेवटच्या मुद्द्याचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. स्नायूंत साखरेचा एक साठा असतो. कत्तलीनंतर त्याचे लॅक्टिक आम्ल बनते आणि त्यामुळे मांसाला योग्य रंग व टिकाऊपणा येतो. जनावर टेंपोत कोंबून लांबवर नेले, दिवसभर उपाशी-तहानलेले ठेवले, कुत्र्यांनी पिटाळले, तर हा साठा आधीच संपतो. मग मांस गडद दिसते, चिकट लागते आणि लवकर नासते. अशा वेळी जातीला दोष देण्यात अर्थ नाही. उत्तम रक्ताचे कोकरूही वाईट वागणुकीने बिघडते. म्हणून कोणता गुण पैदाशीने सुधारावयाचा आणि कोणता सांभाळाने, हा विवेक प्रथम असला पाहिजे.

एका जनुकाची किमया आणि तिची किंमत

मेंढीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २७ जोड्या असतात. जोडीतील एक गुणसूत्र बापाकडून आणि एक आईकडून येते. या गुणसूत्रांवर शरीराच्या घडणीच्या सूचना, म्हणजे जनुके, लिहिलेली असतात. पिढ्यांच्या प्रवासात या लिखाणात क्वचित एखादे अक्षर बदलते. बहुतेक बदल काहीच करीत नाहीत; काही मात्र जनावराचे रूपच पालटून टाकतात.

१९८३ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात डॉर्सेट जातीचा एक विलक्षण मेंढा जन्मास आला. त्याची मागची मांडी व कंबर मांसाने भरलेली होती. त्याच्या वंशात हा गुण उतरत गेला. अठराव्या गुणसूत्रावरील एका अक्षराच्या बदलामुळे हे घडते, हे पुढे २००२ साली स्पष्ट झाले. या जनुकाला ‘कॅलिपिज’ असे नाव आहे. असा मेंढा साध्या मेंढीशी दाखविला की ज्या कोकरांना हा बदल मिळतो, त्यांच्या मागच्या भागातील मांस सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेले दिसते आणि चरबी कमी असते. विशेष म्हणजे, हा बदल केवळ बापाकडून आला आणि आईकडून साधे जनुक आले, तरच हा गुण प्रकट होतो.

एवढे मांस देणारे जनुक मिळाल्यावर ते जगभर पसरावयास हवे होते. तसे झाले नाही, कारण हे मांस चिवट निघाले. कत्तलीनंतर स्नायू आखडतात. नंतर ‘कॅल्पेन’ नावाचे पाचक द्रव्य त्यांचे धागे हळूहळू तोडते आणि मांस मऊ पडू लागते. या द्रव्याला आवर घालणारे दुसरे द्रव्य म्हणजे ‘कॅल्पास्टॅटिन’. कॅलिपिज मेंढ्यांच्या भरलेल्या स्नायूंत हे आवर घालणारे द्रव्य प्रमाणाबाहेर वाढलेले असते. ज्या कारणाने स्नायू वाढला, त्याच कारणाने तो मऊ पडेनासा झाला. वजन वाढले, प्रत गेली.

दुसरे उदाहरण युरोपातील टेक्सेल जातीचे. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे ‘मायोस्टॅटिन’ नावाचे द्रव्य प्रत्येक प्राण्यात असते. टेक्सेल मेंढ्यांत या द्रव्याच्या जनुकातील एका बदलामुळे ते कमी प्रमाणात तयार होते. लगाम सैल पडतो आणि मांसाचा उतारा वाढतो. बेल्जियममधील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००६ साली हा बदल उजेडात आणला. येथे मऊपणाची तेवढी हानी होत नाही. म्हणून अनेक देशांत या जातीचा वापर झाला.

परंतु बहुतेक गुण अशा एकट्या जनुकाच्या हाती नसतात. मऊपणा, धाग्यांतील चरबी, वाढीचा वेग यांवर शेकडो जनुकांचा थोडाथोडा परिणाम होतो. आणि एकाला ओढले की दुसरे हलते. ऑस्ट्रेलियात याचा अनुभव आला. तेथे अनेक वर्षे जलद वाढणारी व कमी चरबीची मेंढरे निवडण्यात आली. २००७ पासून हजारो कोकरांच्या मांसाची मोजमापे घेण्यात आली, तेव्हा असे आढळले की, केवळ चरबी कमी करण्याच्या मागे लागल्यास धाग्यांतील चरबीही घटते आणि मांस कोरडे व कठीण होऊ लागते. तेव्हापासून तेथे मेंढा निवडताना वजनाबरोबर मऊपणा व धाग्यांतील चरबी यांचेही हिशेब मांडण्यात येऊ लागले.

फलटणचा धडा

आनुवंशिक शोधाचा उपयोग साध्या मेंढपाळाच्या वाड्यापर्यंत कसा पोहोचू शकतो, याचे उदाहरण शोधण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. ते शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहे. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात बंगालमधील सुंदरबनची ‘गरोळे’ मेंढी आणून तिच्यावर काम सुरू केले. ही मेंढी चणीने अगदी लहान. परंतु एका वेतात दोन-तीन कोकरे देणारी. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. गरोळे मेंढीतील हा गुण एका जनुकामुळे येतो. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनो मेंढ्यांत आढळलेले ‘फेक-बी’ जनुक तेच; आणि १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांतूनच ते तेथे पोहोचले असावे, असे मानले जाते. सहाव्या गुणसूत्रावरील हा बदल २००१ साली ओळखण्यात आला.

फलटणच्या संस्थेने पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ यांच्या सहकार्याने हे जनुक लोणंद भागातील दख्खनी मेंढ्यांत उतरविले. प्रत्येक पिढीत रक्ततपासणी करून जनुक असलेली जनावरे निवडण्यात आली आणि गरोळेचा लहान आकार मागे टाकून दख्खनीचा बांधा परत आणण्यात आला. त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. या जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीला, साध्या मेंढीच्या मानाने, दर वेतास सरासरी सुमारे अर्धे कोकरू अधिक होते. म्हणजे दोन वेतांत एक जादा कोकरू.

हे जनुक मांसाच्या प्रतीचे नव्हे, संख्येचे आहे. तरीही त्यातून मिळणारे तीन धडे मांसाच्या बाबतीतही तितकेच खरे आहेत. पहिला, उपयुक्त जनुक कोठेही, अगदी चिखलातल्या लहानखुऱ्या मेंढीतही असू शकते. म्हणून कोणतीही स्थानिक जात कमी लेखून नष्ट होऊ देणे हे नुकसानीचे आहे. दुसरा, बाहेरचा गुण घ्यावयाचा तर तेवढाच घ्यावा. आपल्या मेंढीचा काटकपणा गमावून नव्हे. तिसरा, जुळी कोकरे जन्मतः लहान असतात, आईला दूध जादा लागते. तेव्हा खुराकाची सोय नसेल तर चांगले जनुकही ओझे ठरते.

दुसऱ्या धड्याची कसोटी कर्नाटकातील मंड्या भागाच्या बन्नूर मेंढीवर लावता येते. तिचे पाय आखूड, अंग ठेंगणे व रुंद. मागून पाहिले असता पायांमधील मांसल भाग उलट्या ‘यू’ अक्षरासारखा दिसतो. मांसासाठी तिची कीर्ती आहे. परंतु जतपासून कृष्णाकाठापर्यंत आणि पुढे घाटापर्यंत चालणाऱ्या वाड्याला आखूड पायांची मेंढी परवडेल काय? बंदिस्त पालनात जो गुण लाभाचा, तोच भटकंतीत तोट्याचा होतो. जातीची थोरवी ती कोठे व कशी पाळली जाणार आहे, यावर ठरते.

माडग्याळची मेंढी आणि नाकाची किंमत

या भागातील मेंढपाळांना माडग्याळ मेंढीची ओळख करून देण्याची गरज नाही. जत तालुक्यातील माडग्याळ या गावावरून तिला नाव मिळाले. उंच, लांब पायांची, पांढऱ्या अंगावर तांबूस-तपकिरी ठिपके असलेली, नाकाला पोपटाच्या चोचीसारखा बाक असलेली ही मेंढी काळ्या दख्खनीपेक्षा वजनदार असते आणि तिची कोकरे लवकर वाढतात. अंगावर लोकर नाममात्र. लोकरीला भाव नसल्याच्या काळात ती लोकप्रिय झाली, यात नवल नाही. ही निवड कोणत्याही सरकारी प्रक्षेत्रावर झालेली नाही; ती जत भागातील मेंढपाळांनी स्वतःच्या डोळ्यांनी व अनुभवाने केलेली आहे. आनुवंशिक सुधारणा म्हणजे काय, हे या समाजाला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही, याचा हा पुरावा होय.

तथापि, या यशातच एक धोका आहे. डिसेंबर २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाख रुपयांची मागणी आल्याची आणि मालकाने तो विकण्यास नकार दिल्याची बातमी देशभर गाजली. जातिवंत मेंढ्याला असा मान मिळतो ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु अशा मेंढ्याची पारख होते ती नाकाचा बाक, अंगाची उंची, ठिपक्यांची ठेवण यांवरून. नाकाचा बाक आणि मांडीतील मांस यांची जनुके एकच असली पाहिजेत, असा निसर्गाचा नियम नाही. केवळ रूपावर मेंढे निवडले, तर पुढील पिढ्यांत रूप हमखास सुधारेल. मांसाचे काय होईल ते दैवावर राहील. शिवाय, थोड्याच नामांकित मेंढ्यांचे रक्त सर्व कळपांत पसरले की नात्यातला संकर वाढतो, कोकरे अशक्त होतात आणि मरतूक वाढते.

कळपाचा बाप कोण?

यापेक्षाही मोठे, पण कोणाच्या ध्यानी न येणारे नुकसान दरवर्षी बाजाराच्या दिवशी होते. व्यापारी वाड्यावर येतो तेव्हा त्याची नजर सर्वांत भरलेल्या नर कोकरावर पडते. त्याला चांगला भाव मिळतो. घरात लग्नकार्य, दवाखाना, शाळेचा खर्च उभा असतो; कोकरू तीन-चार महिन्यांचे असतानाच विकले जाते. जे वाढले नाही, ज्याला गिऱ्हाईक मिळाले नाही, ते मागे राहते. पुढे मेंढ्या माजावर येतात तेव्हा कळपात नर म्हणून तेच उरलेले असते. अशा रीतीने सर्वांत उत्तम कोकरू ताटात जाते आणि सर्वांत सामान्य कोकरू कळपाचा बाप होते. कोणीही जाणूनबुजून करीत नाही. पण ही उलटी निवड पिढ्यानपिढ्या चालू राहिली, तर कोणताही खुराक तिची भरपाई करू शकत नाही.

या नुकसानीचा हिशेब साध्या आकड्यांत मांडून पाहता येईल. समजा, एका कळपातील तीन महिन्यांच्या नर कोकरांचे सरासरी वजन १४ किलो आहे. त्यांतील सर्वांत चांगले १८ किलोचे आणि मागे राहणारे ११ किलोचे आहे. वाढीतील फरकाचा चौथा हिस्सा वारशाचा धरला, तर १८ किलोच्या कोकरातील चार किलोंच्या आधिक्यापैकी एक किलो त्याच्या रक्तातले. बाकीचे आईच्या दुधाचे व चाऱ्याचे. बापाकडून अपत्याकडे वारशाचा निम्मा भाग जातो. म्हणजे त्याच्या प्रत्येक कोकराला सरासरी अर्धा किलो अधिक मिळेल. उलट, ११ किलोच्या कोकराला बाप केले, तर प्रत्येक अपत्य सरासरीपेक्षा सुमारे पावणेचारशे ग्रॅमने कमी भरेल. दोहोंतील फरक पाऊण किलोहून अधिक झाला. तीस कोकरांमागे तो सव्वीस किलोंच्या घरात जातो, तेही केवळ तीन महिन्यांच्या वयाला आणि एका वर्षात. त्या मेंढ्याच्या मुली कळपात राहतात आणि पुढील कित्येक वर्षे हाच नफा किंवा हाच तोटा देत राहतात.

मेंढी वर्षाकाठी एखादे कोकरू देते. मेंढा मात्र वीस-पंचवीस मेंढ्यांचा बाप होतो. म्हणून कळपाची सुधारणा जलद व्हावयाची तर ती मेंढ्याच्या निवडीतूनच होते. एक चांगले कोकरू विकण्याचा मोह आवरणे ही सर्वांत स्वस्त आनुवंशिक सुधारणा होय.

मेंढपाळाने काय करावे?

यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. कानात क्रमांकाचा बिल्ला, टांगून वजन करण्याचा साधा काटा आणि एक वही एवढे पुरेसे आहे. प्रत्येक कोकराची जन्मतारीख, आई कोण, एकुलते की जुळे, जन्मवेळचे वजन, दूध तुटतानाचे म्हणजे तीन महिन्यांचे वजन आणि सहा महिन्यांचे वजन या नोंदी ठेवाव्यात. ज्यांना लिहिण्याची सवय नाही त्यांच्या घरात आज शाळेत जाणारी मुलेमुली आहेत. हे काम त्यांच्याकडे सोपवावे.

निवड करताना एकाच वयाच्या कोकरांची तुलना करावी; आधी जन्मलेले कोकरू मोठे दिसणारच. जुळ्यांतील कोकराचे वजन थोडे कमी असले तरी त्याला बाद करू नये, कारण त्याला दूध वाटून मिळालेले असते. तीन महिन्यांच्या वजनावर आईच्या दुधाचा प्रभाव मोठा असतो. म्हणून अंतिम निर्णय सहा महिन्यांच्या वजनावर घ्यावा. हाताने पाठीचा कणा चाचपून कमरेवरील मांस पाहावे, मागून मांडीची रुंदी पाहावी. पाय, खूर, दात व वृषण निर्दोष असावेत. चालून थकणारा, वारंवार आजारी पडणारा मेंढा कितीही वजनदार असला तरी ठेवू नये. दोन वर्षांनंतर तो दुसऱ्या वाड्यातील तितक्याच चांगल्या मेंढ्याशी बदलावा, म्हणजे तो स्वतःच्या मुलींना लागणार नाही. ज्या नरांना बाप करावयाचे नाही त्यांचे वेळीच खच्चीकरण करावे. प्रौढ नराच्या चरबीत उग्र वासाची आम्ले साठतात. खच्चीकरणाने तो वास कमी राहतो.

मऊपणाविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगणे जरूर आहे. परदेशांत मांस अनेक दिवस थंड ठेवून मग विकतात. त्या अवधीत कॅल्पेनचे काम पुरे होते आणि जातीजातींतील फरक उठून दिसतो. मिरज, सांगली, कोल्हापूरकडे सकाळी कापलेले मांस दुपारी रश्श्यात असते. येथे त्या सावकाश चालणाऱ्या क्रियेला वेळच मिळत नाही. म्हणून आपल्या स्वयंपाकघरात मऊपणा ठरतो तो मुख्यतः जनावराच्या वयावर आणि शिजविण्याच्या पद्धतीवर. वय वाढते तसे मांसातील जोडणाऱ्या तंतूंचे बंध घट्ट होतात. जे कोकरू लवकर वाढून कोवळ्या वयातच विक्रीच्या वजनाला पोहोचते, त्याचे मांस साहजिकच मऊ लागते. याचा अर्थ असा की, आपल्या परिस्थितीत जलद वाढीसाठी केलेली निवड ही प्रतीसाठी केलेलीही निवड ठरते.

संस्थांचे कार्य

एकट्या वाड्यात वीस-पंचवीस कोकरांतून होणारी निवड मर्यादित असते. दहा वाडे एकत्र आले, तर तीच निवड दोन-अडीचशे कोकरांतून होईल. प्रत्येक वाड्याने आपले उत्तम नर सामाईक कळपात द्यावेत, ते सारख्या चाऱ्यावर वाढवावेत आणि त्यांतील सर्वोत्तम मेंढे सर्वांनी वाटून वापरावेत, अशी व्यवस्था गावपातळीवर बसविता येते. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण करणाऱ्या महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र कवठे महांकाळ तालुक्यातील रांजणी येथे आहे. शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर दीर्घकाळ संशोधन झालेले आहे, आणि फलटणचा अनुभव हाताशी आहे. या साऱ्यांचा लाभ घेऊन नोंदींची साखळी उभारणे शक्य आहे.

२०१७-१८ पासून सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या व एक मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद करण्यात आली. वीस मेंढ्यांबरोबर येणारा तो एक मेंढाच त्या गटाचे भवितव्य ठरविणार असतो. म्हणून गट स्वीकारताना त्या मेंढ्याची आई कोण, सहा महिन्यांचे वजन किती, हे विचारण्याची सवय लाभार्थ्यांनी लावून घ्यावी. आणि पुरवठा करणाऱ्यांनी त्याचे उत्तर लेखी देण्याची.

जनुकतपासणीचे युग आता आले आहे. रक्ताच्या किंवा कानाच्या लहानशा नमुन्यावरून हजारो आनुवंशिक खुणा एकदम वाचता येतात. परंतु या खुणांचा अर्थ लावण्यासाठी आधी त्याच जातीच्या शेकडो जनावरांचे वजन, उतारा व मांसाची प्रत प्रत्यक्ष मोजलेली असावी लागते. परदेशी मेंढ्यांवर बसविलेले हिशेब माडग्याळला किंवा दख्खनीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. प्रयोगशाळेचे यंत्र विकत आणता येते; वाड्यावरची वही मात्र वाड्यावरच लिहावी लागते.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होता कामा नये. माडग्याळच्या मागे लागून काळी दख्खनी मेंढी अनेक वाड्यांतून मागे पडत आहे. निकृष्ट चाऱ्यावर तग धरणे, मैलोन्‌मैल चालणे, दुष्काळात जगून पुन्हा वेत देणे हे तिचे गुण शेकडो वर्षांच्या कसोटीतून आलेले आहेत. आज त्यांना बाजारात भाव नाही. पण एखाद्या कठीण वर्षी तेच गुण कळप वाचवितात. गरोळेसारख्या मेंढीचे मोल जगाला शास्त्राने दाखवून दिले, तोवर ती सुंदरबनच्या लोकांनीच सांभाळून ठेवली होती. दख्खनीचे काही निवडक कळप शुद्ध राखणे हे मेंढपाळ आणि शासन या दोघांचेही कर्तव्य आहे.

मेंढपाळ वर्षभर उन्हातान्हात चालतो, लांडग्यापासून कोकरू राखतो, रात्री शेताच्या बांधावर जागा राहतो. आणि अखेरीस व्यापाऱ्याच्या नजरेच्या अंदाजावर उक्त्या भावाने ते कोकरू देऊन टाकतो. त्या सौद्यात त्याच्या बाजूने बोलणारे काहीच नसते. वजनाचा काटा आणि नोंदींची वही हातात असेल, तर हे कोकरू कोणाचे, किती दिवसांत किती वाढले, हे तो सांगू शकेल आणि त्याचा मोबदला मागू शकेल. पुढच्या बाजाराला निघण्यापूर्वी प्रत्येक वाड्याने एवढे करावे: कळपातील सर्वांत चांगल्या नर कोकराच्या कानात बिल्ला अडकवावा आणि ते विकावयाचे नाही, असे घरात सर्वांना सांगून ठेवावे.